दर्यावरचा धर्मग्राम : संत फ्रान्सिस झेवियर आणि त्यांची जहाजे

३ डिसेंबर रोजी आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करतो. त्यांची मूर्ती आपल्या चांगल्याच परिचयाची आहे. अंगात काळा झगा, हातात उंच धरलेला क्रूस आणि नजर दूर कोठेतरी लागलेली. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी त्यांचे पवित्र अवशेष दर्शनासाठी ठेवले जातात. २०२४-२५ च्या दर्शनसोहळ्याला आपल्यापैकीही कित्येक जण जाऊन आले असतील.

त्यांनी केलेल्या चमत्कारांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. मात्र हा माणूस इतका दूर पोहोचला कसा, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्या काळी आगगाडी नव्हती, आगबोट नव्हती, विमान तर नव्हतेच. होती ती फक्त वाऱ्यावर चालणारी शिडाची जहाजे. भारतात पाऊल ठेवल्यापासून मृत्यूपर्यंत त्यांना जेमतेम साडेदहा वर्षे मिळाली. त्यांतला मोठा भाग जहाजावर, होडीत किंवा एखाद्या बंदरात वाऱ्याची वाट पाहण्यात गेला. म्हणून आज त्यांच्या जहाजांच्या आधारे त्यांचे चरित्र पाहू या.

न सुटलेले जहाज

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेकडील नवारा प्रांतात, झेवियर नावाच्या गढीत झाला. हा सारा डोंगराळ मुलूख. तेथून समुद्र दिसत नाही. घराणे मानाचे होते, पण ते सहा वर्षांचे असताना नवाराचे राज्य कॅस्टिलच्या सैन्याने जिंकले. तीन वर्षांनी वडील वारले आणि पुढच्याच वर्षी विजेत्यांनी गढीचे बुरूज पाडून टाकले. गेलेली प्रतिष्ठा विद्येच्या बळावर परत मिळवायची, या ईर्ष्येने १५२५ मध्ये फ्रान्सिस पॅरिसला शिकायला गेले.

तेथे त्यांच्या खोलीत पिएर फाव्र नावाचा गरीब शेतकऱ्याचा मुलगा राहत असे. पुढे लोयोलाचे इग्नेशियस हेही त्या खोलीत राहायला आले. वयाने मोठे, पायाने लंगडे, पूर्वाश्रमीचे सैनिक. फ्रान्सिस यांना आरंभी त्यांचे मुळीच पटत नसे. पण हळूहळू या महत्त्वाकांक्षी तरुणाचे मन प्रभूकडे वळले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात मित्रांनी पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर व्रत घेतले. दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य पाळायचे आणि येरुशलेमला जाऊन सेवा करायची. एक वर्ष थांबूनही तेथे जाता आले नाही, तर पोप महोदय पाठवतील तेथे जायचे.

१५३७ मध्ये हे मित्र व्हेनिस बंदरात जमले. त्या वर्षी २४ जून रोजी फ्रान्सिस यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पण व्हेनिस आणि तुर्क यांच्यात लढाई पेटली आणि यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. वर्ष उलटले, तरी समुद्राची वाट बंदच राहिली. ठरल्याप्रमाणे सर्व जण रोमला पोप महोदयांकडे गेले. येशूसंघाच्या कार्याला जगभर पसरण्याची दिशा मिळाली, त्याला हे न सुटलेले जहाजही कारण झाले.

पुढे पोर्तुगालचा राजा जॉन तिसरा याने भारतासाठी धर्मगुरू मागितले. निवड दुसऱ्याचीच झाली होती. पण निकोलस बोबादिया आजारी पडले आणि ऐन वेळी फ्रान्सिस यांचे नाव पुढे आले. मार्च १५४० मध्ये त्यांनी रोम सोडले.

सांतियागो

७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, फ्रान्सिस लिस्बन बंदरातून निघाले. ताफ्यात पाच जहाजे होती. गोव्याचे नवे गव्हर्नर मार्तिम आफोन्सो द सौझा ज्या जहाजावर होते, त्याच जहाजावर फ्रान्सिस होते. त्याचे नाव ‘सांतियागो’, म्हणजे संत याकोब. मासे धरणाऱ्या प्रेषिताचे नाव.

भारताच्या सफरीवर जाणाऱ्या अशा मोठ्या जहाजाला पोर्तुगीज भाषेत ‘नाउ’ म्हणत. आपला ‘नाव’ हा शब्द याच कुळातला. पोर्तुगीजांनी आफ्रिकेचा किनारा धुंडाळला तो ‘काराव्हेल’ नावाच्या लहान, चपळ गलबतांतून. त्यांना तिकोनी शिडे असत. आपल्या किनाऱ्यावरच्या मचव्यांनाही तसेच शीड असे. तिकोनी शिडाने वाऱ्याच्या तोंडाशीही बरेच जाता येते. पण काराव्हेलमध्ये माल थोडा मावतो. भारतासारख्या लांबच्या सफरीसाठी पोटाची मोठी नाउ हवी. तिला तीन डोलकाठ्या असत. पुढच्या दोहोंवर मागून येणारा वारा भरून घेणारी चौकोनी शिडे, आणि मागच्या डोलकाठीवर जहाज वळवायला मदत करणारे तिकोनी शीड. पुढे आणि मागे किल्ल्यासारखे उंच मजले आणि बाजूंना तोफा.

बाहेरून ऐटदार दिसणाऱ्या या जहाजाच्या पोटात मात्र हाल असत. एका नाउवर चारशे-पाचशे, कधी त्याहूनही अधिक माणसे कोंबलेली असत. खलाशी, सैनिक, व्यापारी, नशीब काढायला निघालेले तरुण. बहुतेकांना झोपायला फळीवर जेमतेम अंग टेकण्याइतकी जागा. खायला टणक बिस्किटे आणि खारवलेले मांस. काही आठवड्यांत पिंपातले पाणी कुजत असे आणि बिस्किटांत किडे होत. ताजी फळे, भाजी नसल्याने हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा फुटत. ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी हा रोग होतो, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. वास्को द गामाच्या १४९७-९९ च्या पहिल्या सफरीत निघालेल्यांपैकी निम्मेसुद्धा परतले नाहीत. त्यांतले अनेक जण याच रोगाने गेले.

फ्रान्सिस हे पोप महोदयांचे प्रतिनिधी म्हणून निघाले होते. पदाला शोभावे म्हणून सोबत नोकर न्यावा, असा आग्रह त्यांना झाला. त्यांनी तो मानला नाही. आपले कपडे आपणच धुणार आणि आपले अन्न आपणच शिजवणार, असे त्यांनी ठरवले होते. पण समुद्राने त्यांची चांगलीच परीक्षा घेतली. पहिले दोन महिने जहाज लागून ते हैराण झाले होते. पुढे आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्याजवळ वारा पडला आणि जहाजे सुमारे चाळीस दिवस उकाड्यात डुलत राहिली. स्वतःला धड उभे राहवत नसताना हा धर्मगुरू आजाऱ्यांचे अंग पुशी, त्यांची घाण काढी, आपल्या वाट्याचे चांगलेचुंगले त्यांना देई. रविवारी प्रवचन, इतर दिवशी धर्मशिक्षण, मरणाऱ्यांना पापनिवेदन संस्कार. हेलकाव्यांमुळे अशा जहाजांवर बहुधा ‘कोरडे मिस्साबलिदान’ होत असे. म्हणजे प्रार्थना आणि वाचने व्हायची, पण भाकर व द्राक्षारसाचे अर्पण नसायचे. देऊळ नाही, वेदी नाही, घंटा नाही. तरीही सांतियागो हाच फ्रान्सिस यांचा पहिला धर्मग्राम झाला.

या प्रवासाचे सारे गणित मान्सूनच्या वाऱ्यावर असे. जहाजे मार्च-एप्रिलमध्ये लिस्बनहून निघत, अटलांटिकमध्ये दूर पश्चिमेकडे वळसा घालत, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळून नैऋत्य वाऱ्याबरोबर सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत. उशीर झाला की वारा फिरे आणि पुढचे काही महिने आफ्रिकेतच काढावे लागत. यांनाही उशीर झाला. मोझांबिकच्या रोगट बेटावर सुमारे सहा महिने मुक्काम पडला. तेथे अनेक जण दगावले. आजाऱ्यांची सेवा करता करता फ्रान्सिस स्वतःही तापाने अंथरुणाला खिळले. तेथून गव्हर्नरसोबत दुसऱ्या जहाजाने मालिंदी आणि सोकोत्रा बेट करीत ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोहोचले. निघून तेरा महिने झाले होते.

कोळ्यांच्या होड्या

गोव्यात ते काही महिनेच राहिले. त्याच वर्षी ते दक्षिणेला, मोती काढणाऱ्या परवर बांधवांमध्ये गेले. या समाजाने काही वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता, पण त्यांना धर्म शिकवणारे कोणी नव्हते. फ्रान्सिस यांनी तमिळ भाषेत प्रार्थना तयार करून घेतल्या, त्या पाठ केल्या, आणि हातात घंटा घेऊन ते गावोगाव मुलांना गोळा करू लागले.

१५४४ च्या जून महिन्यात कन्याकुमारीकडच्या वस्त्यांवर घोडेस्वारांनी हल्ला केला. घरेदारे टाकून लोक समुद्रातल्या खडकांवर जाऊन बसले. तेथे ना अन्न, ना पाणी. हे कळताच फ्रान्सिस मणप्पाडहून धान्य आणि पाणी भरलेल्या वीस डोण्या घेऊन निघाले. वारा समोरचा. वल्ही मारूनही होड्या पुढे सरकेनात. आठ दिवस ते त्या उघड्या डोण्यांत लाटांशी झुंजत होते. शेवटी हार मानून परत फिरावे लागले. मग ते पायी चालत त्या लोकांपर्यंत गेले.

ही घटना चमत्कारांच्या यादीत येत नाही. येथे वादळ शमले नाही, वारा फिरला नाही. समुद्राने वाट दिली नाही, म्हणून संत पायी निघाले, एवढेच. ज्यांच्या घरात मासेमारी आहे, त्यांना समोरच्या वाऱ्यात आठ दिवस उघड्या होडीत काढणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

पूर्वेचे दर्ये आणि वसईची भेट

१५४५ मध्ये ते मलाक्का येथे गेले आणि तेथून पुढे लवंगा-जायफळांच्या मलुकू बेटांवर. अंबॉन, तर्नाते आणि जेथे जायला व्यापारीही कचरत त्या मोरो बेटांवर. वादळात समुद्रात पडलेला त्यांचा क्रूस खेकड्याने किनाऱ्यावर आणून दिला, ही परंपरेने चालत आलेली कथा याच भागातली.

१५४७ च्या अखेरीस मलाक्काहून कोचीनला येताना तीन दिवस आणि तीन रात्री त्यांनी भयंकर वादळ अनुभवले. जहाजावरच्या अनेकांनी जगण्याची आशा सोडली आणि वाचलो तर पुन्हा समुद्रावर पाऊल ठेवणार नाही, अशा शपथा घेतल्या. त्या रात्री फ्रान्सिस यांनी आपल्या जिवंत आणि स्वर्गवासी मित्रांच्या मध्यस्थीची याचना केली.

मित्रांची आठवण त्यांना फार येई. पत्रसुद्धा जहाजानेच जायचे. रोमला लिहिलेल्या पत्राचे उत्तर यायला दोन-तीन वर्षे, कधी जास्तही लागत. काही पत्रे समुद्राच्या तळाशी जात. आलेल्या पत्रांतील मित्रांच्या स्वाक्षऱ्या कापून त्या ते आपल्याजवळ बाळगत. एकटेपणात तेवढाच आधार.

१५४८ मध्ये ते आपल्या वसईलाही आले. गव्हर्नर जुआंव द कास्त्रो तेव्हा येथे होते. त्यांची भेट घेण्यासाठी फ्रान्सिस समुद्रमार्गे येथे पोहोचले. वसई पोर्तुगीजांच्या हाती आली ती १५३४ मध्ये. येथील सागवान जहाजबांधणीसाठी नावाजलेले होते. आज पडक्या तटाशी उभे राहिले की समोर तीच खाडी दिसते.

‘चोरा’चे जंक

मलाक्कात फ्रान्सिस यांना अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ भेटला होता. त्याच्याकडून जपानविषयी ऐकून तिकडे जायचे त्यांनी ठरवले. पण जपानला जाणारे पोर्तुगीज जहाज मिळेना. मलाक्काचे कॅप्टन पेद्रो द सिल्व्हा हे वास्को द गामाचे पुत्र. त्यांनी खर्चासाठी मिरीचा मोठा साठा दिला आणि एका चिनी व्यापाऱ्याचे ‘जंक’ ठरवून दिले. या व्यापाऱ्याला पोर्तुगीज लोक ‘चोर’ म्हणूनच ओळखत!

जंक हे चिनी धाटणीचे जहाज. बांबूच्या आडव्या पट्ट्यांनी ताठ केलेली, चटईची शिडे. पोटात आडव्या भिंती घालून वेगवेगळे कप्पे केलेले, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरले तरी सारे जहाज बुडत नाही. युरोपातल्या जहाजांत ही सोय नव्हती.

२४ जून १५४९ रोजी ते निघाले. कप्तान जहाजावरच्या मूर्तीसमोर कौल लावी आणि कौल येईल तसा मार्ग बदले. वाटेत वादळात एक चिनी ख्रिस्ती तरुण जहाजाच्या तळात पडून जबर जखमी झाला. त्याच दिवशी कप्तानाची मुलगी लाटांत वाहून गेली. बापाचा आक्रोश फ्रान्सिस यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे कप्तानाच्या मनात चीनच्या किनाऱ्यावरच थांबायचे होते, पण तेथे चाचे आहेत, अशी बातमी मिळाली आणि वाराही जपानकडचाच होता. १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरीयेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशी, जंक कागोशिमाला लागले. मोंमार्त्रच्या व्रताला त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षे झाली होती.

काढून घेतलेले सुकाणू

जपानमध्ये फ्रान्सिस सव्वादोन वर्षे राहिले. जपानी लोक चीनच्या विद्येला फार मानतात, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा सुवार्ता आधी चीनला पोहोचली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. पण चीनचे दरवाजे परक्यांना बंद होते. चोरून शिरणाऱ्याला तुरुंग ठरलेला. म्हणून दियोगो परेरा या व्यापारी मित्राला राजदूत करून, रीतसर भेटी घेऊन जायचे ठरले. परेराने आपली सारी मिळकत या कामी लावली. त्याच्या जहाजाचे नाव ‘सांता क्रुझ’, म्हणजे पवित्र क्रूस.

१५५२ मध्ये ते मलाक्काला आले, तो तेथे आल्वारो द आताईद यांची सत्ता. हेसुद्धा वास्को द गामाचेच पुत्र, पेद्रो यांचे भाऊ. परेराला मान आणि फायदा मिळणार, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी सांता क्रुझचे सुकाणूच काढून ताब्यात घेतले. सुकाणूविना जहाज म्हणजे लगामाविना घोडा. फ्रान्सिस यांनी विनवण्या केल्या. दहा वर्षांत कधी न मिरवलेले पोप महोदयांच्या प्रतिनिधीचे अधिकारपत्र पुढे केले. उपयोग झाला नाही. परेराला मागे ठेवून, आताईद यांच्याच माणसांच्या ताब्यातील सांता क्रुझवर साधे प्रवासी म्हणून फ्रान्सिस जुलैमध्ये निघाले. ज्याने भारताची समुद्रवाट उघडली त्याच्या एका मुलाने त्यांना जपानला पाठवले, आणि दुसऱ्याने चीनची वाट अडवली.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. ही जहाजे सुवार्तेसाठी बांधलेली नव्हती. त्यांतून मिरी-मसाला जाई, तोफा जात आणि साखळदंडात जखडलेले गुलामही नेले जात. अधिकाऱ्यांच्या लोभाविषयी आणि नवख्रिस्ती लोकांवर होणाऱ्या अन्यायाविषयी फ्रान्सिस यांनी थेट राजाला कडक पत्रे लिहिली. तरीही ते त्यांच्या काळाचेच मूल होते. १५४६ मध्ये गोव्यात धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन स्थापावे, अशी विनंती त्यांनी राजाला केली होती. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये सुरू झाले आणि त्यातून पुष्कळ लोकांना यातना भोगाव्या लागल्या. सत्याच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या अशा बळजबरीबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी देवाजवळ क्षमा मागितली. संतांवर प्रेम करण्यासाठी ही पाने झाकून ठेवण्याची गरज नाही. संतही माणसेच होती, आणि देवाने अशाच माणसांकडून काम करून घेतले.

न आलेले जहाज

ऑगस्टच्या अखेरीस सांता क्रुझ चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर पोहोचले. मुख्य भूमी अगदी जवळ. बेटावर पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गवती झोपड्या, आणि चोरटा व्यापार. फ्रान्सिस यांनी एका चिनी व्यापाऱ्याला गाठले. वीस पिकुल मिरीच्या मोबदल्यात तो त्यांना रात्री लपवून कँटनला पोहोचवणार होता. ठरलेला दिवस होता १९ नोव्हेंबर.

दुभाषा भीतीने सोडून गेला. बहुतेक पोर्तुगीज जहाजे परतीला लागली. थंडी वाढली. अन्नाची टंचाई झाली. फ्रान्सिस रोज समुद्राकडे पाहत राहिले. १९ तारीख आली आणि गेली. व्यापारी आला नाही.

२१ नोव्हेंबरला त्यांना ताप भरला. उपचारासाठी सांता क्रुझवर नेले, पण हेलकावे सोसवेनात. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा किनाऱ्यावर आले. जवळ उरले होते गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात शिकलेला चिनी तरुण अंतोनियो आणि एक भारतीय सेवक. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी प्राण सोडला. समोर खाडीत सांता क्रुझ नांगरून उभे होते.

अस्थी लवकर नेता याव्यात म्हणून अंतोनियोने पेटीत चुना भरून त्यांना पुरले. फेब्रुवारीत पेटी उघडली, तेव्हा शरीर अविकृत आढळले. त्याच सांता क्रुझने ते मलाक्काला आणले आणि पुढे १६ मार्च १५५४ रोजी ते गोव्याला पोहोचले. रोममध्ये मात्र काहीच कळले नव्हते. जून १५५३ मध्ये इग्नेशियस यांनी फ्रान्सिस यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. पत्र ज्यांना लिहिले, ते जाऊन तेव्हा जवळजवळ सात महिने झाले होते. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी दोघाही मित्रांना एकाच दिवशी संतपद दिले.

आपल्यासाठी

प्रिय धर्मग्रामस्थहो, न सुटलेल्या जहाजाने हे कार्य सुरू झाले आणि न आलेल्या जहाजापाशी ते थांबले, असे आपल्याला वाटते. पण ते थांबले नाही. सांचियानच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी मातेओ रिची हे येशूसंघीय धर्मगुरू चीनमध्ये पोहोचले आणि पुढे पेकिंगपर्यंत गेले. रिची यांचा जन्म १५५२ चाच, फ्रान्सिस गेले त्याच वर्षीचा.

फ्रान्सिस यांना मनासारखे जहाज कधी मिळाले नाही. लोभी कप्तानाचे मिळाले, चोराचे मिळाले, कोळ्याची उघडी डोणी मिळाली. जहाज चांगले मिळेल तेव्हा सेवा करीन, असे ते म्हणत बसले नाहीत. ज्या फळीवर उभे होते, त्या फळीवरच्या आजाऱ्यापासून त्यांनी सुरुवात केली. आपल्यापैकी कोणी परदेशी नोकरीला आहे, कोणी बोटीवर आहे, कोणी पहाटेच्या लोकलच्या गर्दीत आहे. आपलेही जहाज आपण निवडलेले नसते, आणि शेजारचा प्रवासीही. पण त्याला पाणी देणे आपल्या हाती असते.

यंदाच्या सणाला आपण समुद्रावर असलेल्या सर्वांसाठी प्रार्थना करू या: मासेमार बांधवांसाठी, बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलांसाठी, आणि घरी त्यांची वाट पाहणाऱ्या आयांसाठी. आणि ज्यांचे जहाज अजून आलेले नाही, त्यांना किनाऱ्यावर धीराने उभे राहण्याचे बळ संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मध्यस्थीने प्रभू देवो.